दर तेरा आठवड्यांनी नवं ओटी

प्रश्न असा आला आहे: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी), विषय ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी. पुण्यात चार वर्षं ऑर्थो आणि जनरल सर्जरीच्या ओटीत काम. लग्नानंतर आता ग्रीनकार्डावर न्यू जर्सीत, एडिसनला. मुलगी सात वर्षांची. ट्रॅव्हलिंग सर्जिकल टेकना, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देणाऱ्या आणि एजन्सीच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टवर गावोगाव फिरणाऱ्या टेक्निशियनना, पैसे चांगले मिळतात असं मैत्रिणीकडून कळलंय. ‘ताई, थेट तिथेच शिरता येईल का? नाहीतर सुरुवात कुठून करू?’

थेट नाही शिरता येणार. मी मिरजेची. मीही तिकडे ओटीत काम करूनच इकडे आले, आणि मलाही वाटलं होतं की टेबल, लाइट, हत्यारांची मेयो ट्रॉली सगळं तेच, मग अडचण कसली. आज ट्रॅव्हलर म्हणून नववं वर्ष चालू आहे, त्याआधी तीन वर्षं टेक्सासात स्टाफवर, म्हणजे एकाच हॉस्पिटलच्या कायम नोकरीत होते. तुमच्यापुढे साधारण चार वर्षांची वाट आहे: दीड-दोन वर्षं शिक्षण, दोन वर्षं स्टाफची नोकरी, मग ट्रॅव्हल. मैत्रिणीने यातलं शेवटचं स्टेशन तेवढं सांगितलं.

अडसर कागदाचा आहे. इथे सर्जिकल टेकची ओळख म्हणजे सीएसटी (सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट) हे सर्टिफिकेट, आणि ते एनबीएसटीएसए या मंडळाच्या परीक्षेतून मिळतं. परीक्षा चार तासांची, प्रश्न १७५. त्यातले १५० गुणांसाठी धरतात, बाकीचे २५ मंडळ स्वतःच्या चाचणीसाठी मिसळतं आणि ते कुठले हे कळत नाही. पण परीक्षेला बसायचं तर सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता असलेला इथला कोर्स पूर्ण केलेला लागतो. आपली बीपीएमटी, तिची वर्षभराची इंटर्नशिप, पुण्यातली चार वर्षं, यातलं काहीच तिथे धरत नाहीत. बऱ्याच राज्यांत या कामाला लायसन्स नसतं, त्यामुळे ‘सर्टिफिकेटशिवाय पण चालतं’ असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. तुमच्या न्यू जर्सीत चालत नाही. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये, टेक्सासात, इंडियानात, टेनेसीत, साउथ कॅरोलायनातही कायद्यानेच ते मागतात. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोत राज्याकडे नावही नोंदवावं लागतं. एकाच गावात राहणाऱ्या माणसाचं एक वेळ निभेल, पण ट्रॅव्हलरला राज्यंच बदलायची असतात. एकदा मिळालं की दर दोन वर्षांनी ३० क्रेडिट्स भरून ते जिवंत ठेवायचं.

पुण्या-नाशकात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: नर्सेसना ग्रीनकार्डासाठी ‘शेड्यूल ए’चा, म्हणजे माणसं कमी पडतात असं सरकारने मान्य केलेल्या कामांच्या यादीचा रस्ता आहे, सर्जिकल टेकना तो नाही. आणि या कामाला पदवी लागत नसल्यामुळे एच-१बीच्या चौकटीतही ते बसत नाही. एजंट काहीही म्हणाला तरी पैसे देऊ नका.

कोर्स निवडताना कॉलेजची इमारत बघू नका. सीएसटी परीक्षेत त्यांची किती मुलं पास होतात आणि क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष ओटीतलं शिक्षण, कुठल्या हॉस्पिटलात असतं, हे दोनच प्रश्न विचारा. कोर्समध्ये किमान १२० केसेस कराव्या लागतात, त्यातल्या ८० फर्स्ट स्क्रब म्हणून, म्हणजे हात धुऊन, गाऊन घालून हत्यारं देण्याची मुख्य जबाबदारी तुमची. ज्या कॉलेजकडे एखादंच छोटं सर्जरी सेंटर आहे तिथे तुम्ही मोतीबिंदू आणि मनगटाची कार्पल टनेल करत बसाल, आणि पुढे कोणी ओपन ॲब्डॉमेनबद्दल, म्हणजे पोट उघडून करायच्या ऑपरेशनबद्दल विचारलं की गप्प.

वर्गात तुम्हाला कंटाळा येईल. माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची पोरं केली आणि कोकर या दोन चिमट्यांमधला फरक पाठ करत होती आणि मी मनात म्हणत होते, हे काय शिकवताय मला. मग पहिल्याच प्रॅक्टिकलला मी नापास झाले. ग्लोव्ह घालताना माझी बोटं गाऊनच्या कफबाहेर आली. तिकडे वर्षानुवर्षं तसेच घातले होते, कुणी हटकलं नव्हतं. दुसरं म्हणजे कामाची हद्द. आपल्याकडे ओटी टेक्निशियन सकाळी भुलीचं मशीन तपासतो, सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे मशीन) ढकलतो, रक्त थांबवायला टूर्निके बांधतो, प्लास्टर भिजवतो, आणि स्क्रबला बऱ्याचदा सिस्टर असते. इथे भुलीला वेगळा टेक, सी-आर्मला वेगळा, बाहेरचं सगळं सर्क्युलेटिंग नर्सकडे, म्हणजे स्क्रब न होता खोलीत फिरून सामान देणाऱ्या नर्सकडे. तुमचं राज्य तेवढं स्टराइल फील्डच्या (टेबलाभोवतीच्या निर्जंतुक भागाच्या) आत, पण तिथे मात्र पूर्ण तुमचं. आणि उघडलेलं पण न वापरलेलं व्हायक्रिल (टाक्यांचा धागा) कचऱ्यात टाकायला शिका. पहिले सहा महिने माझा हात अडखळायचा.

आता दोन वर्षं स्टाफवर का काढायची. एजन्सी एका वर्षाच्या अनुभवावरही घेतात, काही तर त्याहून कमीवर. तरी मी दोन म्हणते. नवीन स्टाफला प्रत्येक सर्व्हिसमध्ये (ऑर्थो, जनरल अशा विभागांत) आठवडेच्या आठवडे प्रिसेप्टरबरोबर, म्हणजे शिकवणाऱ्या सीनियरबरोबर फिरवतात. ट्रॅव्हलरला एक दिवस मिळतो, फार तर दोन, आणि त्यातला अर्धा कॉम्प्युटर आणि बॅजमध्ये जातो. हॉस्पिटल तुम्हाला जास्त पैसे देतं ते हत्यारं ओळखता म्हणून नाही. अनोळखी खोलीत पहिल्याच केसला तुमच्यामुळे कोणाचं अडू नये, याचे ते पैसे.

तो पहिला दिवस कसा असतो ते सांगते. सोमवार, सकाळचे पावणेसात. बॅजने दार उघडत नाही. स्क्रबचे कपडे देणारं मशीन तुमचं नाव ओळखत नाही, कोणाच्या तरी कार्डवर एक्स्ट्रा लार्ज मिळतात. बोर्डावर तुमच्या नावापुढे खोली नंबर नऊ, साडेसातला टोटल नी, म्हणजे गुडघा बदलायचं ऑपरेशन. केसच्या सामानाच्या गाडीवर सर्जनचं प्रेफरन्स कार्ड (त्याला काय काय लागतं त्याची यादी) आहे, पण ते कोणी चार वर्षांत अपडेट केलेलं नाही. सर्जन आता इम्प्लांट वेगळ्याच कंपनीचं वापरतो. अशा वेळी मी सगळ्यात आधी इम्प्लांट कंपनीच्या माणसाला गाठते. सर्जनला सिमेंट कधी मिसळून हवं, कुठला रिट्रॅक्टर नजरेसमोरसुद्धा नको, हे त्याला पाठ असतं आणि सांगायला तो उत्सुक असतो, कारण केस रखडली तर त्याचाही दिवस जातो. मग सर्क्युलेटरला विचारते: ग्लोव्ह साइज कार्डावर आहे तीच ना, आणि या सर्जनला चिडायला काय पुरतं? क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची गाडी) आणि जास्तीच्या सुचर्सचं (टाक्यांच्या धाग्यांचं) कपाट मी स्वतः चालत जाऊन बघते. कोणी हात करून दाखवलेलं रक्तस्रावाच्या वेळी आठवत नाही. ट्रे उघडल्यावर तो निर्जंतुक झालाय हे दाखवणारा इंडिकेटर बघणं आणि कंटेनरचा फिल्टर बघणं हे घाईतही सोडत नाही, कारण इथल्या स्टरायलायझेशन विभागाचा हात कसा आहे हे मला अजून माहीत नसतं.

हत्यारांची नावंही गावागणिक बदलतात. रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याला आपण सरसकट ‘आर्टरी’ म्हणतो, ते इथे कुठे क्राइल, कुठे नुसतं ‘स्नॅप’. श्निड्ट मागायचा तर बरेच जण ‘टॉन्सिल’ म्हणतात, मिक्स्टरला ‘राइट अँगल’. रक्त टिपायचा आपला मॉप म्हणजे इथला लॅप. विजेने कापून रक्त थांबवणाऱ्या कॉटरीला सगळे बोव्ही म्हणतात. १९२६ मध्ये बॉस्टनला हार्वे कुशिंगने मेंदूच्या शस्त्रक्रियेत ज्याचं यंत्र वापरलं तो विल्यम बोव्ही, त्याचं नाव असं मशीनला चिकटलं. मी एक छोटी वही ठेवते, दर गावाला दोन पानं. एका म्हाताऱ्या जनरल सर्जनने मला ‘द अदर वन’ एवढंच म्हणून हात पुढे केला होता. वहीत त्याच्यापुढे लिहिलंय: अदर वन म्हणजे लांब बॅबकॉक चिमटा.

काउंटबद्दल, म्हणजे ऑपरेशनच्या आधी आणि शेवटी सुया, लॅप, हत्यारं मोजण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ट्रॅव्हलरची खरी परीक्षा तिथे होते. एका गावात माझा दुसरा आठवडा, रात्रीचे दोन, फुटलेल्या आतड्याची लॅपरोटोमी (पोट उघडून केलेलं ऑपरेशन). बंद करताना एक सुई कमी. मी सांगितलं. सर्जन म्हणाला, तू नवीन आहेस, सुरुवातीलाच मोजायला चुकली असशील. सर्क्युलेटर त्याच्याबरोबर पाच वर्षं काम करणारी, ती माझ्याकडे बघेना. अशा वेळी तोंडातून ‘असेल’ निघायला अर्धा सेकंद पुरतो. मी म्हटलं, काउंट बरोबर नाही, मी बरोबर म्हणणार नाही, एक्स-रे घ्या. एक्स-रे आला, त्यात काही नाही. अगदी बारीक सुई एक्स-रेत दिसेलच असं नसतं, म्हणून शोध चालूच ठेवला. सक्शनचा डबा बघितला, ड्रेप झटकले, मॅग्नेट फिरवला. पंचवीस मिनिटांनी सुई सापडली ती रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) शू-कव्हरच्या तळाला. त्या सर्जनने पुढचे दहा आठवडे माझ्याशी कामापुरतंही धड बोलणं केलं नाही आणि माझं कॉन्ट्रॅक्ट तिथे वाढवलं गेलं नाही. नाही वाढवलं तर नाही. स्टाफवर असताना तुमच्या मागे मॅनेजर असते, वर्षांची ओळख असते. ट्रॅव्हलर एकटी असते, आणि हे ‘नाही’ म्हणायचा आवाज आधी स्टाफवर असतानाच घडवून घ्यावा लागतो.

कॉन्ट्रॅक्ट साधारण तेरा आठवड्यांचं, आठवड्याला ३६ किंवा ४० तास, शिवाय ऑन-कॉल, म्हणजे फोन आला की हजर व्हायचं. माझ्या दुसऱ्याच कॉन्ट्रॅक्टला केसेस कमी झाल्या आणि मला ३६ ऐवजी २४ तासांवर आणलं. पाचव्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी फोन: सोमवारपासून येऊ नका. मी दोन महिन्यांचं भाडं आगाऊ भरून बसले होते. कागद काढून बघितला तर त्यात हमी तासांचा उल्लेखच नव्हता, आणि एजन्सीची रिक्रूटर मला बोलण्यात ‘गॅरंटीड’ म्हणाली होती. तेव्हापासून तीन ओळी कागदावर दिसल्याशिवाय सही करत नाही: किती तासांचे पैसे काम नसलं तरी मिळणार, रद्द करायचं तर किती दिवसांची नोटीस, आणि मी आजारी पडून शिफ्ट चुकली तर किती कापणार. भाडं आता महिन्याच्या महिन्यालाच. घर बघायला फर्निश्ड फाइंडर ही वेबसाइट चालते, पण व्हिडिओ कॉलवर घर बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका. एका शहरात मला खोली महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळाली होती. त्या घरचे आजी-आजोबा भारतात गेलेले, घरात कोणीतरी हवंच होतं.

मॅनेजरचा फोन येतो ती मुलाखत दहा-पंधरा मिनिटांची असते आणि ती दोघांची असते हे विसरू नका. महिन्याला कॉल किती, आणि किती मिनिटांत पोचायचं? तीस मिनिटं असेल तर घर तेवढ्याच अंतरात शोधावं लागतं. कुठल्या सर्व्हिसमध्ये टाकणार? दुसऱ्या कॅम्पसला पाठवता का? आणि सध्या किती ट्रॅव्हलर आहेत, त्यातल्या किती जणी पुन्हा सही करतात? या शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती किती वेळ थांबते त्यावरून बरंच कळतं. एका हॉस्पिटलला तुमचं नाव एकाच एजन्सीकडून जाऊ द्या. दोघींनी पाठवलं तर वादात दोन्ही अर्ज बाद होतात.

आता पैसे. जाहिरातीत आठवड्याचा एकच आकडा असतो आणि तोच फसवतो. समजा १,८०० डॉलर, ३६ तास. तो फोडला की निघतं असं: तासाला २५ डॉलर करपात्र पगार, म्हणजे ९००, आणि उरलेले ९०० राहण्या-जेवणाचा भत्ता. तुम्ही मनात तासाला ५० धरता. पण ओव्हरटाइम बऱ्याचदा त्या २५ च्या दीडपट, म्हणजे साडेसदतीस. दमून केलेला जादा तास नेहमीच्या तासापेक्षा स्वस्त! २०२१ मध्ये नाइन्थ सर्किट कोर्टाने एएमएन या स्टाफिंग कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की भत्ता कामाच्या तासांना बांधलेला असेल आणि पगारासारखाच वागत असेल तर तो ओव्हरटाइमच्या हिशेबात धरायला हवा. ते कोर्ट कॅलिफोर्निया आणि पश्चिमेकडच्या राज्यांपुरतं आहे. त्यामुळे ओव्हरटाइमचा आणि कॉलबॅकचा (कॉलवर बोलावून घेतल्याचा) दर आकड्यात लिहून मागा. कोविडच्या काळातले आकडे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या, ते दिवस गेले.

भत्त्यावर कर लागत नाही, पण त्यासाठी तुमचं ‘टॅक्स होम’ असावं लागतं. म्हणजे कुठेतरी तुमचं खरं घर आहे, त्याचा खर्च तुम्ही भरताय, आणि कामाच्या गावीही राहण्याचा खर्च होतोय. घर सोडून, सामान गोडाऊनमध्ये टाकून नुसतं फिरत राहिलात तर आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) लेखी तुमचं घर तुमच्या पाठीवर, आणि सगळा भत्ता करपात्र. एकाच भागात वर्षापेक्षा जास्त काम चालणार असं ठरलं की ते काम तात्पुरतं उरत नाही, तिथेही सवलत संपते. ‘पन्नास मैलांचा नियम’ तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. तो एजन्सी आणि हॉस्पिटलांचा आहे, आयआरएसचा नाही. खरा प्रश्न रात्री मुक्काम करण्याची गरज होती का हा असतो. आणि २०१८ पासून नोकरदाराला स्वतःच्या खर्चाची वजावट फेडरल रिटर्नमध्ये मिळत नाही, म्हणून भत्ता नीट बसवणं जास्तच महत्त्वाचं. राज्याराज्याची रिटर्न्स वेगळी भरावी लागतात. ट्रॅव्हलर्सचं काम रोज करणारा टॅक्सवालाच गाठा. आणखी एक, जे रिक्रूटर सांगत नाही: करपात्र पगार कमी दिसला की गृहकर्ज, बेकारी भत्ता, पुढे सोशल सिक्युरिटी, सगळं त्या कमी आकड्यावर मोजतात. आम्ही घर घेतलं तेव्हा बँकेच्या माणसाने माझी कमाई बघून ‘पार्ट टाइम आहात का?’ असं विचारलं होतं.

कागदपत्रांची एक फाइल फोनमध्ये ठेवा: सीएसटी, बीएलएस (जीवरक्षक प्राथमिक उपचारांचं) कार्ड, हेपॅटायटिस बी, गोवर आणि कांजिण्यांचे टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती बघणाऱ्या तपासण्या), टीबीची तपासणी, फ्लूची लस, मास्क नीट बसतो का त्याची फिट टेस्ट. टीबीसाठी स्किन टेस्टऐवजी रक्ताची तपासणी मागा. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊन एक्स-रेच्या चकरा होऊ शकतात. लघवीची ड्रग टेस्ट दर कॉन्ट्रॅक्टला होते, अपमान मानू नका. २००९ मध्ये डेन्व्हरला एका सर्जिकल टेकने भुलीच्या ट्रेमधल्या फेंटानिल या नशा आणणाऱ्या वेदनाशामकाच्या सिरिंज चोरून त्यांच्या जागी वापरलेल्या ठेवल्या आणि पेशंट्सना हेपॅटायटिस सी झाला. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरला तसंच प्रकरण उघडकीस आलं, आणि तो तंत्रज्ञ ट्रॅव्हलर होता, राज्याराज्यांत फिरत आलेला. त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. आम्हा ट्रॅव्हलरांकडे बघणाऱ्यांच्या डोक्यात हा इतिहास असतो.

दोन कॉन्ट्रॅक्टमध्ये महिनाभर घरी बसलात तर एजन्सीचा आरोग्य विमा बंद होतो. कोब्रा, म्हणजे तोच विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवायची सोय, घ्यायचा की नाही हे ठरवायला साठ दिवस मिळतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. मी मधला काळ बऱ्याचदा असाच काढते, म्हणजे काही झालं तरच पैसे भरायचे. तुमचा मिस्टरांच्या कंपनीचा विमा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

मुलीबद्दल. माझा मुलगा अकरा वर्षांचा झाला तेव्हा मी पहिलं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, आणि पहिली दोन वर्षं घरापासून गाडीने चार तासांच्या आतलीच घेतली. बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट लागोपाठ मागितल्या तर चार दिवस घरी मिळतात, पण हे शेड्यूल कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्यायचं, तोंडी नाही. तुमची मुलगी तुमचा कोर्स आणि स्टाफची वर्षं संपेपर्यंत तेवढीच होईल. मधल्या काळात ‘लोकल कॉन्ट्रॅक्ट’ हाही पर्याय आहे: एडिसनहून रोज जाऊन-येऊन करायचं, भत्त्याची करसवलत नाही, पण दर स्टाफपेक्षा बरा असतो. स्टाफवर असताना शक्य तेवढी जड कामं मागून घ्या. तुमचा हात ऑर्थोला बसलेलाच आहे. त्यात स्पाइन आणि रोबोट जोडलेत तर कॉन्ट्रॅक्टची वाट बघत बसावं लागत नाही. ओपन हार्ट येणाऱ्यांना सगळ्यात जास्त मागणी असते, पण ते अर्धवट येतं म्हणून फॉर्मवर खूण करू नका. स्किल चेकलिस्टमध्ये तुम्ही स्वतःला जे गुण देता त्यावर भरवसा ठेवून कोणीतरी तुम्हाला रात्री तीनला एकटीला त्या खोलीत पाठवतं.

बॅगेत माझ्या इंडक्शनची शेगडी, दोन लिटरचा कुकर, पोह्यांचं पाकीट, प्रेशरचे मोजे दोन जोड, आणि ओटीतले जुने क्लॉग्ज असतात. नवीन क्लॉग्ज पहिल्या आठवड्यात घालू नका. वही वरच्या कप्प्यात.